सांगोल्याकडच्या मैदानात मी हात वर केला

दापोलीच्या एस.टी. स्टँडवर हमालाने माझी वळकटी टपावर चढवली आणि खाली उतरून अदबीने विचारले, "पैलवान, कुस्ती कुठे आहे?" मी नुसता हसलो. हे मला नवे नाही. दाराच्या चौकटीला डोके लागेल इतकी उंची आणि त्याला शोभेल असा घेर मला आजोळाकडून मिळाला आहे. बसमध्ये कुणी माझ्याशी भांडत नाही, आणि लग्नघरात आमटीचे पातेले उतरवायला पहिली हाक मला येते. या देहाच्या आत एक भित्रा माणूस राहतो, हे बत्तीस वर्षे मी कुणाला कळू दिले नव्हते.

गेल्या वर्षी मात्र पंचाईत झाली. आमच्या शाळेचे खेळाचे मास्तर बदलून गेले आणि हेडमास्तरांनी माझ्या खांद्यांकडे एकवार पाहून कुस्तीची मुले माझ्या हवाली केली. मी शिकवतो भूगोल! गॅदरिंगच्या दिवशी पालकांनी आग्रह धरला की, मास्तरांनी एखादा डाव करून दाखवावा. पोरे टाळ्या पिटू लागली. चारचौघांत उताणे पडण्याची मला भीती वाटली. कंबरेत उसण भरल्याचे सांगून मी खुर्ची गाठली, आणि घरीही तेच सांगितले. त्यानंतर महिनाभर मुले रोज विचारत, "सर, आता बरं आहे ना?" त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी खरी असे, आणि तीच मला सोसवेना.

म्हणून मेच्या सुट्टीत सोलापूर. तिथल्या एका तालमीत राहून शिकायची सोय ओळखीतून झाली होती. जून उजाडायच्या आत एकदा तरी मातीत कुणासमोर उभे राहायचे, नाही जमले तर मुले दुसऱ्याच्या हाती सोपवायची, असे ठरवून मी निघालो. घरी सौभाग्यवतींना सांगितले, हवापालटाला जातो. मे महिन्यात सोलापूरला हवापालट! तिने डबा बांधून दिला.

पुण्याहून रेल्वेने सोलापूरला उतरलो तेव्हा सकाळचे नऊच वाजले होते, पण उन्हाने आधीच ताबा घेतला होता. आमच्याकडे घामाने माणूस भिजतो. इथे घाम यायच्या आत वाळून जातो. टांगेवाल्याने मला आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणाला, "पैलवान, बीच में बैठो. एक बाजू बैठे तो घोडा उप्पर उड जाता." मी निमूटपणे मध्ये बसलो. सात रस्त्याची गर्दी मागे टाकून आम्ही विणकरांच्या वस्तीत शिरलो, तर दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांचा खडखडाट चालू होता आणि दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या.

तालमीचे वस्ताद शिवलिंगप्पा. सगळे त्यांना आप्पा म्हणत. साठीचे गृहस्थ, कपाळावर विभूतीचे पट्टे, कान कुस्तीने चेपलेले. "बर्री मास्तर, बर्री (या). कुंद्री (बसा)," म्हणत त्यांनी माझा दंड चाचपला आणि खूश होऊन आत हाक मारली. त्यांच्या पत्नीने, अव्वांनी, ऊटा (जेवण) वाढला. पापडासारखी मोडणारी कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वर तेलाची धार. भाकरी मोडताना एवढा आवाज झाला की मी दचकलो. अव्वा तोंडाला पदर लावून हसल्या. त्या चटणीसाठी मी आणखी महिनाभर मार खायला तयार झालो असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे लंगोट नेसून मी हौद्यात (कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यात) उतरलो, तर आप्पांनी माझ्या हातात फावडे दिले.

"आदी मातीची वळख व्हऊ द्या," ते म्हणाले.

ही तिथली रीत. नव्या माणसाने आठ दिवस कुणाला हात लावायचा नाही, फक्त माती उकरायची. ताक, तेल, लिंबू आणि हळद पिऊन ती माती तांबडी आणि मऊ झालेली असते, पण रोज खालपर्यंत हलवली नाही तर रुसते. दोन दिवसांत माझ्या तळहातांना फोड आले. मनातल्या मनात मी आप्पांना बरेच काही बोललो. भूगोलात मातीचे प्रकार शिकवणारा मी, माती म्हणजे काय हे पहिल्यांदाच शिकत होतो आणि मला त्याचा रागच येत होता.

नवव्या दिवशी माझ्यासमोर नरसय्या उभा राहिला. दिवसा माग चालवणारा, तेलुगू घरातला, माझ्या निम्म्या वजनाचा तरुण. मी जरा सैलावलो. तेवढ्यात त्याने माझ्या पायाला हात घातला, आणि मी सरळ पळत जाऊन भिंत धरली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी भिंतीला चिकटलो तेव्हा त्याने हात जोडून विचारले, "सर, आता भिंतीला बी चीत करू काय?"

सगळी तालीम हसली. मीही हसलो, पण भिंत सोडली नाही. पुढच्या दोन आठवड्यांत पाच जोरांवर धापा टाकणारा मी पन्नासांवर गेलो, बैठका घातल्या, मानेवर मान देऊन रेटायला शिकलो. पाठ मात्र एकदाही मातीला लागू दिली नाही. एका सकाळी बदामाची थंडाई हातात देत आप्पा म्हणाले, "मास्तर, तुमी लढत न्हाई. पडू नये म्हनून नुस्तं उभं ऱ्हाताय." मला ते झोंबले, कारण अगदी खरे होते.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या रविवारी तालमीची मंडळी सांगोल्याकडच्या एका गावाला जत्रेच्या कुस्त्यांना निघाली. मीही निघालो, कपडे सांभाळायला. मालट्रकमध्ये उभे राहून मंगळवेढ्यावरून जाताना दोहोंकडे नुसते माळ आणि शेळ्यामेंढ्यांचे कळप. हिरवे म्हणून काही दिसलेच तर एखादी डाळिंबाची बाग. गावाबाहेर नांगरलेल्या रानात मैदान केले होते. भोवती माणसांचे कडे आणि हलगीचा कडकडाट. मी कपड्यांचा ढीग मांडीवर घेऊन निवांत बसलो.

इतक्यात फेटा बांधलेले एक पंच आले, त्यांनी मला पाहिले आणि मनगट धरून उठवले. मला वाटले, बाहेरगावचे मास्तर आलेत, सत्कार करणार असतील. नको नको म्हणत मी उठलो. हलगीच्या ठेक्यावर ते मला मैदानात फिरवू लागले. लोक ओरडू लागले. एवढे स्वागत! मी भारावून गेलो आणि पुढाऱ्यांसारखा उजवा हात उंच करून सगळ्यांना अभिवादन केले.

क्षणात मैदान उसळले. पलीकडे आप्पांनी कपाळावर हात मारून घेतल्याचे मला दिसले.

नरसय्या धावत आला. "सर, हे काय केलंत? हितं जोड नुस्त्या नजरेनं लावत्यात. हात धरून फिरवलं म्हंजे जोड हुडकत्यात, आन हात वर केला म्हंजे कुनीबी या, असं आव्हान!"

आव्हान स्वीकारून एक धनगर तरुण आत आलाही होता. बिरू त्याचे नाव. "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून झालेत ते दंड," नरसय्याने मला माहिती पुरवली. तिची या वेळी काहीच गरज नव्हती.

आप्पा जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "मी सांगतो पंचांना, पावन्यांची चूक झाली म्हनून. कुनी हसनार न्हाई. काय करू?"

माझी कंबर दुखते हे वाक्य अगदी जिभेच्या टोकावर होते. इतक्या सहज ते आले की मला स्वतःची शिसारी आली. पुन्हा खुर्ची गाठायची, पुन्हा पोरांनी महिनाभर काळजी करायची. मी नरसय्याला विचारले, "जास्तीचा लंगोट आहे का?"

बिरूने वाकून माती उचलली आणि रीतीप्रमाणे माझ्या छातीला लावली. मी त्याच्या खांद्याला लावली.

"मास्तर, गाव कंचं?" त्याने विचारले.

"दापोली."

"समुद्राकडलं व्हय? लई लांबून आलाव की," असे आपुलकीने म्हणून त्याने माझ्या मानेवर हात टाकला. तो हात होता की जोखड, कोण जाणे. त्याने रेटले, मी रेटले. त्याने पायाला हात घातला. माझे डोळे सवयीने भिंत शोधू लागले आणि तिथे भिंत नव्हती, नुसते मोकळे रान होते. मी पाय मागे घेतला, पण पळालो नाही. दुसऱ्या खेपेलाही पळालो नाही. कडेने आप्पा ओरडत होते, "शाब्बास मास्तर!" आणि मी मास्तर आहे हेच मी विसरून गेलो होतो. तिसऱ्या खेपेला बिरू खाली शिरला, माझे पाय जमिनीवरून सुटले, आणि डोळ्यांसमोर आभाळच आभाळ आले.

पाठ मातीला टेकली. चार गावांच्या समोर मी सपशेल उताणा पडलो होतो, आणि काहीही झाले नव्हते. माती मऊ होती. लोक ओरडत होते, त्यातले बरेचसे मलाच शाबासकी देत. बत्तीस वर्षे ज्या गोष्टीला भ्यालो ती एवढीशी? मला हसू फुटले, ते थांबेना. बिरू घाबरून वाकला, "मास्तर, लागलं का वो?"

"नाही रे बाबा," म्हणत मी त्याचा हात धरून उठलो. त्याने माझ्या पाठीची माती स्वतःच्या हाताने झाडली. पंचांनी त्याला फेटा बांधला आणि मला पाहुणा म्हणून नारळ दिला. परतताना मालट्रकमध्ये आम्ही तो फोडून खाल्ला. नरसय्याने माझ्या पडण्याची नक्कल तीनदा करून दाखवली, आणि प्रत्येक वेळी मीच सर्वांत मोठ्याने हसलो.

निरोप घेताना आप्पांच्या पाया पडलो. त्यांनी काही उपदेश केला नाही. अव्वांनी चटणीची पुरचुंडी दिली. गाडीत बसल्यावर वाटले, आपण तसूभरही शूर झालेलो नाही. तीच भीती अजून पोटात आहे. फक्त तिच्या पलीकडे काय आहे ते आता पाहून आलो आहे, आणि तिथे राहता येते.

घरी पोचलो. हातपाय धुऊन ओटीवर बसलो आणि सौभाग्यवतींना सगळे सांगून टाकले. तालीम, फावडे, बिरू, आभाळ. मग घसा खाकरून तेही सांगितले: "आणि गॅदरिंगला माझ्या कंबरेत उसण वगैरे काही भरली नव्हती. मी घाबरलो होतो."

"ठाऊक होतं मला," ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "वाळूचा शेक घेताना कण्हायचं सोडून घोरत होतात."

मी थक्क झालो. "मग आठ दिवस शेक दिलास कशाला?"

"तुमच्यासारख्या माणसावर खोटं बोलायची पाळी आली, म्हणजे कुठेतरी दुखत असणारच," ती म्हणाली. "कुठे ते कळत नव्हतं, म्हणून कंबर शेकली."

सोमवारी शाळा उघडली. पोरांना सांगणे त्यामानाने सोपे गेले.