पल्लवीच्या बापाची लिंक

कागद कापला की कात्रण पडते, थिसिस बांधली की किस्सा पडते. कात्रण रद्दीवाला नेते. किस्से मलेच सांभाळा लागते.

मी सावनेरकडचा, सातवीपर्यंत शिकलेला. प्रताप नगरात मंदाताईच्या दुकानात थिसिसचं बाइंडिंग करतो. ताई कॉम्प्युटरवर लेटेक नावाच्या सॉफ्टवेअरमंधी थिसिस जमवते. शेवटी संदर्भाची यादी असते, कोन्त्या पेपरातून काय घेतलं त्याची. आजकाल यादीतल्या नावावर बोट टेकलं की तो पेपर उघडला पाह्यजे. त्याले लिंक म्हनते.

*

एका पोराच्या यादीत स्क्रीनवर हरेक लिंकभोवती लाल चौकोन. छापलं तं गायब! पोरगं माह्यावरच चढलं, मशीनची शाई संपली म्हने. ताईनं समजावलं, ते चौकोन स्क्रीनपुरतेच असते. त्याले पटेना. मी लाल पेन हातात देला, "बस, काढ."

बसला न गा. पट्टी लावून काढले!

*

एक सर तं छापलेल्या पानावर बोट दाबून राहिले. म्हने, उघडून नाही राहिलं.

"जोरानं दाबा सर, कागद नवीन हाये."

दाबलं ना त्याहीनं.

*

मंग पल्लवी आली. आमच्याच भागातली, विहिरीच्या पान्यावर पीएचडी. तिच्या सराचा हुकूम, यादीत एक जरी नाव बिनालिंकचं दिसलं तं सही नाही.

सगळ्यायले लिंक लागल्या, एक राह्यला. तो पेपर नव्हताच, तिचा बाप होता. गावच्या विहिरीचं पानी कवा चढते, कवा उतरते, त्यानं तोंडी सांगितलं होतं. सर म्हने, लिंक दे नाही तं नाव काढ.

पोरीचे डोळे भरले. "काका, बाबाचं नाव कसं काढू?"

माही टाळकी सरकली. "काढतं काहून वं? मोबाइल नंबर लाव त्याचा! सरायले लिंकच पाह्यजे ना?"

मी रागात बोललो. ताईनं खरंच लावला. सरानं लिंकचं निळं अक्षर पाह्यलं न सही मारली.

*

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी बांधलेल्या प्रती घेऊन गेलो, दाराशीच थांबलो. बाहेरगावच्या परीक्षक मॅडम मोबाइलवर थिसिस चाळून राहिल्या होत्या. बापाच्या नावावर बोट टेकलं.

फोन लागला. पल्लवीचं तोंड पांढरं. मॅडमनं स्पीकर लावला.

"हॅलो, कोन बोलून राहिलं गा?"

मॅडमनं सांगितलं, तुमच्या मुलीची परीक्षा घेते आहे, थिसिसमधले संदर्भ तपासते आहे.

बाप म्हने, "मंग फोनवर काय तपासता बाई? जेवाले या. विहीर इथंच हाये."

मॅडमनं पल्लवीकडे पाह्यलं.

"येते ना. डॉक्टर पल्लवीलाच घेऊन येते."