डबल बेल आणि धुकं

आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर थकूनच घरी आला. जालन्याच्या ज्या क्लासमध्ये मी शिकवायला होते तिथे नवी मशीनं आली, आणि जुन्यांपैकी एक मालकांनी मला देऊन टाकलं. अंबडच्या बसमध्ये मॉनिटर मांडीवर आणि सीपीयूचा डबा पायाशी ठेवून मी ते घरी आणलं. सांगितलेलं काम ते करायचं, पण कुरकुर करत. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट असेल.

त्यावर मी विमान उडवण्याचा गेम टाकला. गेमच्या कव्हरवर ‘किमान गरज’ म्हणून जे छापलेलं होतं ते माझ्या मशीनमध्ये जेमतेम बसत होतं, आणि असल्या ‘किमान’वर विश्वास ठेवायचा नसतो हे मला तेव्हा कळलं. विमान धावपट्टीवर थोडं धावायचं, थिजायचं, मग एकदम टुणकन पुढे जायचं. पडद्यावर चित्रं भराभर बदलली तर डोळ्याला हालचाल वाटते. माझं मशीन बिचारं एकेक चित्र काढताना धापा टाकत होतं. त्यात ग्राफिक्स कार्ड नव्हतं, रॅम तोकडी होती.

पण मी हट्टी. सेटिंग उघडलं आणि एकेक गोष्ट काढत सुटले. ढग काढले. सावल्या काढल्या. झाडं गेली, इमारती गेल्या. तरी अडखळणं थांबेना, तेव्हा शेवटी ‘किती लांबचं दिसावं’ त्यालाच कात्री लावली. लांबचं दिसलंच नाही तर मशीनला ते काढायचे कष्टही नाहीत. मग विमान छान उडायला लागलं. फक्त त्याच्यापुढे कायम धुकं असायचं.

दादा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर. सगळी उमर स्टेअरिंगवर गेली, तीर्थपुरीची मुक्कामी गाडी तर त्यांनी वर्षानुवर्षं नेली. साखरेच्या आजाराने डोळ्यांवर हल्ला केला, उपचार झाले, आणि पुन्हा मेडिकल होईपर्यंत त्यांना डेपोत हलकं काम दिलं गेलं. चौकशीच्या खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा सांगायच्या. हा माणूस त्या खिडकीत पार कोमेजून गेला. “सुटली का, लागली का, दिवसभर हेच सांगून राह्यलो,” असं घरी येऊन म्हणायचे आणि जेवणावर राग काढायचे. मेडिकल पास व्हायचं आणि पुन्हा गाडीवर जायचं, याशिवाय त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. डोळे तपासायचा तक्ता दवाखान्याच्या बाकड्यावरून इतक्या वेळा पाहून झाला होता की दाढी करताना त्यातली अक्षरं ते ओळीने म्हणायचे. आई हसायची. मीही हसायचे.

एका रविवारी माझ्या मागे उभे राहून ते म्हणाले, “मला दे बरं जरा.”

मी खुर्ची दिली. बाणांची बटणं दाखवली. विमान धावपट्टीवर, इंजिन सुरू, आणि दादा ढिम्म.

“अहो दादा, सोडा ना आता.”

“बेल कुठं झाली?”

एसटीत कंडक्टरने एक बेल दिली की गाडी थांबवायची आणि दोन दिल्या की सोडायची. डबल बेल झाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. आता विमानाला कंडक्टर कुठून आणायचा? मी स्टीलचा पेला घेतला आणि चमच्याने दोनदा वाजवला. टण टण. दादांनी विमान सोडलं.

तेव्हापासून ती रीतच पडली. पेला आणि चमचा कॉम्प्युटरजवळच राहू लागले. कधी मी कंडक्टर, कधी आई. गेममध्ये आपल्याकडचं म्हणावं असं औरंगाबादचंच विमानतळ होतं. तिथून उठून दादा जालन्याच्या दिशेने निघायचे. गेमच्या नकाशात जालना नव्हतंच, सगळीकडे एकसारखी मातकट जमीन. तरी मध्येच ते म्हणायचे, “बदनापूर आलं, कोणी उतरणार हाय का?” इतकं हसलेलं आमचं घर मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

पण उतरवताना विमान हमखास आपटायचं. धावपट्टी अगदी नाकाशी आल्यावर दिसायची.

“लय धुकं हाय गं हे,” दादा म्हणाले.

मी त्यांना समजावून सांगितलं. मशीनची ताकद कमी आहे, म्हणून लांबचं सगळं मीच झाकून टाकलंय. दादांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

“म्हंजी मशीनमुळं दिसून न्हाई राह्यलं?”

“मशीनमुळंच. मलाही नाही दिसत.”

त्यांचा चेहरा असा खुलला की मला आश्चर्यच वाटलं. आईला हाक मारून म्हणाले, “ऐकलं का? ह्या पोरीला बी न्हाई दिसत. मशीनच कमजोर हाय.” शेजाऱ्यांनाही सांगून आले. मला वाटलं, विमान आपटल्याची लाज झाकतायत.

खरं तर मलाच त्या धुक्याचा राग येऊ लागला होता. आपण लोकांना कॉम्प्युटर शिकवायचा आणि आपल्या घरचं मशीन असं लुळं! जालन्यात एका मारवाडी शेठचं दुकान होतं, नव्याबरोबर जुने सुटे भागही विकायचे. तिथे जुनं पण चांगलं ग्राफिक्स कार्ड मिळालं. “एकदम बराबर चलेगा, बेटी,” शेठ म्हणाले. मी घरी येऊन डबा उघडला, कार्ड खाचेत बसवलं आणि मशीन चालू होईपर्यंत देवाचं नाव घेत बसले.

चाललं. मी ढग परत आणले. सावल्या, झाडं, इमारती आणल्या. शेवटी लांबचं दिसणं अगदी टोकाला नेलं. आणि काय सांगू, धावपट्टीच्या कडेचे दिवेसुद्धा लांबूनच एका ओळीत लागलेले दिसले. मी आनंदाने ओरडलेच.

“दादा, जल्दी या! धुकं गेलं!”

दादा आले, टॉवेलने हात पुसत खुर्चीत बसले. आई पीठ मळता मळता बघायला आली आणि तिनेच डबल बेल दिली. विमान झोकात उठलं, एक गिरकी घेऊन परत फिरलं. समोर लख्ख धावपट्टी. दादा पुढे झुकले, अजून झुकले.

“धुकं हायच की गं अजून.”

 आईच्या काही लक्षात आलं नाही, ती सहज बोलून गेली, “कुठंय धुकं? मला तर पार पल्याडपर्यंत दिसून राह्यलंय.”

दादांनी वळून आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं असेल ते असो, किंवा तेही दिसलं नसेल. विमान खाली खाली जात होतं. दादांनी बटणांवरचा हात काढला, चाचपून चमचा उचलला आणि पेल्यावर एकदाच वाजवला. टण.

मी गेम बंद केला.

मेडिकल जवळच आली होती. आदल्या दिवशी दादा डेपोत गेले आणि चौकशीची खिडकीच कायम द्या, असं सांगून आले. मी भांडले. मी म्हटलं, तपासायचं काम डॉक्टरांचं आहे, तुम्ही आधीच कशाला हार मानता? देऊन तर बघा.

“डॉक्टर तक्ता वाचायला लावतेत, माय,” दादा म्हणाले. “तक्ता मला पाठ हाय. आंधळा झालो तरी पास होईन.”

“मग?”

“मंग काय. गाडीत मागं माणसं बसलेली असतेत. तिथं तुझ्यावाणी सेटिंग कमी करता येत न्हाई.”

मी न्हाणीघरात जाऊन रडले. त्या कार्डाचा मला इतका राग आला होता की उपटून फेकून द्यावंसं वाटत होतं. धुकं राहिलं असतं तर काय बिघडलं असतं, असंही मनात आलं. पण पहाटे तीर्थपुरीहून भरून येणारी गाडी डोळ्यांपुढे आली, आणि तो विचार मी पुढे नेला नाही.

बरेच दिवस कोणी कॉम्प्युटरला हात लावला नाही. आईने पेला उचलून मांडणीवर ठेवला. दादा खिडकीत बसायचे, गाड्यांच्या वेळा सांगायचे, घरी येऊन मुकाट्याने जेवायचे. त्यांनी राग काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग एका दुपारी मी क्लासचे पेपर तपासत होते, तर दादा येऊन शेजारी उभे राहिले.

“ते जुनं धुकं परत लावता येतं का गं?”

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. सेटिंग उघडलं. ढग काढले, सावल्या काढल्या, झाडं, इमारती काढल्या आणि लांबचं दिसणं होतं तिथे परत आणून ठेवलं. विमान धावपट्टीवर उभं राहिलं, पुढे सगळं पांढरं. दादा खुर्चीत बसले. मी स्टूल ओढून त्यांच्या अगदी लगत बसले.

“आता तुला बी न्हाई ना दिसत?”

“न्हाई दादा. बिलकुल न्हाई.”

मी उठून मांडणीवरचा पेला आणला आणि डबल बेल दिली.