वास येतो ते पाणी

पावडरमामा यायच्या आधी त्यांचा वास यायचा. शाळेच्या फाटकाला त्यांची सायकल टेकायच्या आत पहिली-दुसरीची पोरं नाकं धरून "मामा आले, मामा आले" असा गलका करायची. तो वास ब्लीचिंग पावडरचा. गावाच्या पिण्याच्या पाण्यात ती पावडर रोज टाकायची आणि पाणी तपासायचं, हे मामांचं काम. सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा जलसुरक्षक असा होता. ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या हाताखाली पाच-पंचवीस शिपाई असतील. मामांच्या हाताखाली दोन बादल्या होत्या. शर्टाला पावडरनं पडलेली भोकं आणि बोटांची टोकं पांढरीफटक, असा हा आमचा सुरक्षक.

मी मूळचा अंबडचा. बदली होऊन जाफराबादच्या पुढच्या या गावात मास्तर म्हणून आलो. गावात शिरायला एक ओढा ओलांडावा लागे. त्यावरचा पूल इतका ठेंगणा की पाऊस नुसता बोलला तरी तो पाण्याखाली जाई. पहिल्याच दिवशी मी शाळेतल्या माठातून पेला भरला, तर मागून एक पांढरं बोट आलं आणि पेल्याच्या तोंडावर ठेवलं गेलं. "थांबा गुर्जी. जल्दी काय हाय?" मामांनी खिशातून काचेची एक बारीक नळी काढली, तिच्यात पेल्यातलं पाणी घेतलं आणि बाटलीतल्या औषधाचे दोन थेंब सोडले. पाणी पिवळं झालं. "आता प्या," ते म्हणाले. पाणी पिवळं झालं म्हणजे पावडर पोचली, नाही झालं तर पाणी बिनभरवशाचं. माणसांच्या बाबतीत अशी नळी नसते, ते एका परीनं माझ्या पथ्यावरच पडलं.

ही नळी ते कुठंही काढत. लग्नाच्या मांडवात काढत, मयताच्या घरी काढत. एकदा झेंडावंदनाला तालुक्याचे साहेब आले, तर भाषणाच्या मधेच मामांनी साहेबांच्या पेल्यात नळी बुडवली. पाणी जसंच्या तसं राहिलं. "सायेब, हे पिऊ नका, सरपंचांच्या घरचं हाय," मामा सगळ्यांसमोर म्हणाले. साहेब हसले, पोरंही हसली. सरपंच मात्र हसले नाहीत, आणि ते विसरलेही नाहीत.

मामांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "वास येतो ते प्यावं, वास नसंल त्याला भ्यावं." गावाला हे वाक्य आणि तो वास, दोन्ही नकोसे झाले होते. बायका म्हणत, चहा नासतो. म्हातारे म्हणत, डाळ शिजत नाही. पंगतीत मामांना वासाचं निमित्त करून शेवटी बसवत. निमित्तच ते. मामांचं घर बौद्धवाड्यात होतं, आणि शेवटची जागा पावडर निघायच्या कितीतरी पिढ्या आधीपासून ठरलेली होती. मी एकदा शहाणपणानं म्हणालो, "मामा, थोडी कमी टाकत जा, लोक नावं ठेवतात." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "माझ्या आज्याला या हिरीच्या पायरीवर पाय ठिवू दिला न्हाई गावानं. कुनी वरून ओतंल म्हनून दोन-दोन घंटे उभा राह्याचा. आता आख्खं गाव माझ्या हातचं पानी पिऊन राह्यलं, गुर्जी. मंग वास तर येनारच."

दुसरीच्या वर्गात मामांचा फार जीव. त्यांची नात प्रज्ञा त्या वर्गात होती आणि तिच्या शेजारी ईश्वरी बसायची. ईश्वरीचे आईबाप मजुरीला जात. दोघी वर्गात सगळ्यांत बुटक्या, त्यामुळे प्रार्थनेच्या रांगेत पहिली प्रज्ञा आणि दुसरी ईश्वरी. मामा आले की नळीत थेंब सोडायचा मान ईश्वरीला हवा असे. जीभ दातांत धरून ती दोन थेंब मोजून सोडायची आणि "पिवळंऽऽ" असं ओरडायची की शेजारचा वर्ग दचकायचा.

आता माझ्या पत्राचं सांगतो. सांगायला नको वाटतं, म्हणूनच सांगतो. त्या वर्षी पावसानं दडी मारली. ऐन श्रावणात टँकर सुरू झाला. टँकरचं पाणी कुठलं, कुणाला ठाऊक, म्हणून मामा पावडर जरा सढळ हातानं टाकत. पोरं शाळेची खिचडी तोंडात घेऊन थुंकू लागली. पालक मला येऊन बोलू लागले, सरपंच तर रोजच. मला भांडणाचा कंटाळा आहे. त्याला मी जन्मभर स्वभावाचा गोडवा म्हणत आलो. मी ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं, "शाळेतील मुलांना पाण्याचा वास सहन होत नाही, तरी पावडर टाकणे बंद करावे." कमी करावे असं लिहायचं होतं. सरपंच शेजारी बसले होते, ते म्हणाले, बंदच लिहा, आपोआप कमी होईल. मी लिहिलं. त्यांनी त्याच पत्रावर 'अंमल करावा' असा शेरा मारून ते मामांच्या हाती दिलं. मामांनी घडी करून पिशवीत ठेवलं आणि पावडर टाकत राहिले.

सप्टेंबर सरताना वादळ आलं. आमच्या जिल्ह्यानं समुद्र पाहिलेला नाही, पण त्याची ओकारी मात्र आमच्या अंगावर पडते. कुठल्या तरी किनाऱ्यावर वादळ आदळलं आणि उरलेलं सगळं घेऊन आमच्याकडं आलं. तीन दिवस धो धो पाऊस. शाळेचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, पूल पाण्याखाली गेला. चौथ्या दिवशी उघडीप झाली, तर उन्हाळ्यापासून कोरडी पडलेली गावची विहीर काठोकाठ भरलेली. तहानलेल्या गावाला आणखी काय हवं? बायका ओट्या घेऊन आल्या. सरपंचांनी जलपूजन ठरवलं आणि मला निरोप आला, पोरांना गणवेशात घेऊन या.

आम्ही गेलो तेव्हा मामा विहिरीच्या काठावर दोन बादल्या घेऊन बसले होते. पावडर कालवलेली, चुना खाली बसलेला, वरची निवळ ओतायला तयार. वीज नसल्यानं पंप बंद आणि टाकी रिकामी, म्हणजे लोक विहिरीतूनच शेंदून नेणार. "ही हीर एका रातीत भरली," मामा मोठ्यानं सांगत होते. "झऱ्याचं पानी असं येत न्हाई, त्याला आठ दिस लागत्यात. हे वरून आलंय. समदे उकिरडे आन् पांदीची घान धुवून आलंय. मला घंटाभर द्या फक्त."

"ए मामा," सरपंच म्हणाले, "आज गंगा आली दारात. तीर्थाला तुझा वास लावतो का? ठिव ते बाजूला." दोघांनी बादल्या उचलून बांधापलीकडं उपड्या केल्या. मामा उठून उभे राहिले तसे सरपंच माझ्याकडं बोट करून म्हणाले, "आन् गुर्जींचंच पत्र हाय ना तुझ्यापाशी? पोरांना वास सहन व्हत न्हाई म्हनून? इचार त्यान्ला." सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. मामाही. एक शब्द पुरेसा होता. मी पोरांकडं वळलो आणि म्हणालो, "ए, रांग सरळ करा."

मामा रांगेपाशी आले. त्यांनी प्रज्ञाचा दंड धरला आणि तिला बाहेर ओढलं. ती रडायला लागली, तिला तीर्थ हवं होतं. "बघा कसा जळून राह्यला," कुणीतरी म्हणालं. पहिली जागा रिकामी झाली तशी ईश्वरी एक पाऊल पुढं सरकली. नारळ फुटला, सरपंचांनी विहिरीतलं पाणी तांब्यात घेतलं आणि पहिल्या पोरीच्या ओंजळीत ओतलं. ईश्वरी प्याली आणि माझ्याकडं बघून हसली. "सर, वास न्हाई!" ती म्हणाली. फोटो हलला होता, म्हणून सरपंचांनी तिला पुन्हा एकदा प्यायला लावलं. मग बाकीची पोरं प्याली. मी सगळ्यांत शेवटी उभा होतो. माझी पाळी येईपर्यंत तांब्या रिकामा झाला आणि दुसरा भरायचा कुणाला उत्साह राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी कुणाला न विचारता विहिरीत पावडर टाकली. चार बायकांनी ते पाहिलं. संध्याकाळी पोरांना उलट्या-जुलाब सुरू झाले. घराघरांत एकेक, दोन-दोन. पूल अजून बुडालेला होता, रुग्णवाहिका पलीकडच्या काठावर नुसती उभी. मामा घरोघर मीठ-साखरेचं पाणी सांगत फिरले. निम्म्या घरांनी त्यांना दारातून हाकललं. ईश्वरीला तिच्या बापानं ट्रॅक्टरवर घातलं, मीही बसलो. ओढ्यात ट्रॅक्टर रुतला. तिचे डोळे आत गेले होते आणि ओठांना चिरा पडल्या होत्या. ती पाणी मागत होती आणि दिलेलं पोटात ठरत नव्हतं. पाणी ओसरायची वाट बघत आम्ही पाण्यातच बसलो होतो. जाफराबादला पोचलो तेव्हा सलाईन लावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाकीची पोरं वाचली. गावानं मग हिशेब मांडला, आणि तो किती सोपा होता! मामांनी पावडर टाकली, त्याच संध्याकाळी पोरं आजारी पडली. आणि स्वतःच्या नातीला रांगेतून ओढून कुणी नेलं होतं? म्हणजे याला आधीच ठाऊक होतं. म्हणजे यानंच काहीतरी कालवलं. मामांची सायकल ओढ्यात गेली. नळी कुणीतरी दगडानं ठेचली.

पूर उतरल्यावर चौकशीला साहेब आले, तेच झेंडावंदनाचे. शाळेच्या ओसरीत खुर्च्या मांडल्या. साहेबांनी मला विचारलं, "गुरुजी, जलपूजनाच्या दिवशी पावडर टाकू नका, असं यांना कुणी सांगितलं होतं का?" सरपंच माझ्या शेजारी बसले होते. समोर मामा उभे, काखेत पिशवी. तिच्यात माझं पत्र आहे, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "मला काही कल्पना नाही." मामांचा हात पिशवीत गेला, थोडा वेळ आतच राहिला आणि रिकामा बाहेर आला. कामात कसूर म्हणून त्यांना काढून टाकलं.

संध्याकाळी मी कुलूप लावत होतो तेव्हा ते आले. पत्र माझ्या हातात ठेवलं. "मामा, तुम्ही दाखवलं का नाही?" मी विचारलं. "दाखवलं असतं तर तुमची नोकरी गेली असती. गावाला दुसरा मास्तर दोन साल मिळाला नसता. प्रज्ञाची दुसरी हाय." मग ते म्हणाले, "अक्षर मोत्यावानी हाय तुमचं. तिला बराबर असंच शिकवा. काय लिहायचं, ते मी शिकवतो." मी घरी जाऊन पत्राचे तुकडे केले आणि चुलीत घातले. त्या रात्री मला झोप चांगली लागली, हे लिहायलाही लाज वाटते.

ईश्वरीची आई पुढं वर्षभर रोज सकाळी मामांच्या दारात जाऊन त्यांना शिव्याशाप द्यायची. मामा ओट्यावर मान खाली घालून ऐकून घेत. मी एकदा म्हणालो, दार लावून घेत जा. "कुनाला तरी शिव्या द्यायच्याच हायेत तिला," मामा म्हणाले. "सरपंचाला दिऊ शकत न्हाई, तुम्हाला दिऊ शकत न्हाई. मंग मला दिऊ दे." गावाचा त्यांनी एवढा कडवट अंदाज बांधला होता आणि तो कधी चुकला नाही. मी प्रज्ञाला चौथीपर्यंत शिकवलं. रोज पाटीभर अक्षर काढून घेतलं. मग माझी बदनापूरला बदली झाली.

यंदा मामा गेले. मी त्यांच्या जलदान विधीला गेलो. त्या वादळाला सात वर्षं झाली, पण गाव फारसं बदललं नव्हतं, पूलही तेवढाच ठेंगणा. यंदाही वादळाचा पाऊस होऊन गेला होता आणि विहीर भरलेली दिसली. वंदना झाली, आणि नववीतली प्रज्ञा पेल्यांचा ट्रे घेऊन आली. आधी तिनं ओढणीच्या गाठीतून नवी नळी आणि औषधाची बाटली काढली, पेल्यातल्या पाण्यात दोन थेंब सोडले, पिवळं झालेलं पाहिलं आणि मग पेले वाटले. माझ्यापाशी आल्यावर तिनं एक कागद पुढं केला. "सर, परवा पुन्हा जलपूजन ठिवलंय. तोच सरपंच हाय. हा अर्ज तालुक्याला देऊन राह्यले. वाचा."

अक्षर माझं होतं. तोच 'र'चा झोक, ओळींमधलं तेवढंच अंतर. मी वाचू लागलो. "सात वर्षांपूर्वी शाळेच्या गुरुजींनी पत्र लिहून पावडर बंद करण्यास सांगितले होते. ती न टाकलेले पाणी मुलांना पाजले. त्या रांगेत पहिली जागा माझी होती. आबांनी मला ओढून नेले, म्हणून ती ईश्वरीला मिळाली. या वर्षी तसे होऊ नये."

चुलीत घातलेला कागद पुन्हा माझ्या हातात आला होता.

"बराबर हाय का, सर?" तिनं विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"मंग खाली सही करा. त्या वक्ताचे मास्तर म्हनून. आबा म्हनायचे, रिटायर झाल्यावर करतील."

मी सही केली. निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं, पेन्शन सुरू होती. त्या सहीनं आता माझं काहीच जाणार नव्हतं, आणि मामांनी ते जिवंतपणीच ओळखून ठेवलं होतं. प्रज्ञानं कागदाची घडी केली आणि माझा न उचललेला पेला माझ्यापुढं सरकवला.

"पानी प्या, सर," ती म्हणाली. "वास येतो."