बाबांचा कवी मँचेस्टरमध्ये

एकोणिसाव्या शतकातल्या एका रशियन कवी-नाटककाराला आमच्या घरात सगळे 'बाबांचा कवी' म्हणतात. झारच्या सेन्सॉरने त्याचं पद्यनाटक अडवलं, तेव्हा लोकांनी ते हाताने उतरवून घेऊन वाचलं. बाबांनी पुण्यात तीस वर्षं रशियन शिकवलं, या नाटकाचा मराठी अनुवादही वहीत करून ठेवला. रशियाला जाणं मात्र कधी जमलं नाही.

यंदा ते आमच्याकडे लंडनला, स्टॅनमोरला आलेले असताना माझ्या लेकीचा, इराचा, मँचेस्टरहून फोन आला. ती तिथे विद्यापीठात रशियन शिकते. विभागात त्या कवीवर कार्यक्रम होता. आजोबांनी एक प्रवेश रशियनमधून वाचावा, मग ती त्यांचं मराठी वाचेल, असा तिचा बेत.

बाबा नको म्हणाले. अस्सल रशियनांसमोर आपले उच्चार उघडे पडतील, ही धास्ती.

"आजोबा, मला तुमची आवाज पाहिजे," इरा म्हणाली.

तिचं व्याकरण न सुधारता ते हो म्हणाले. मी लगेच तिकिटं काढली. आधी काढलेली बरीच स्वस्त पडतात, आणि शनिवारच निवडा. रविवारी हमखास रुळांची कामं निघतात. लंडनच्या यूस्टन स्टेशनहून दोन तासांचा प्रवास. मी तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या, बाबांनी हात लावला नाही. खिडकीकडे तोंड करून पुटपुटत होते. मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनवरून विद्यापीठाला बस मिळते, पण त्यांना चालायचं होतं.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं. बाबा उभे राहिले. पहिल्याच ओळीला ते अडखळले, थांबले. मला बघवेना. मग त्यांनी चष्मा काढला, पुस्तक मिटलं आणि अख्खा प्रवेश तोंडपाठ म्हटला. पाठोपाठ इराने मराठी वाचलं. दोन ठिकाणी शब्दांची लिंगं चुकली, ती अडखळली मात्र नाही.

नंतर एक वयस्कर रशियन बाई आल्या. त्यांनी शाळेत हेच नाटक शिकवलं होतं. तुम्ही मॉस्कोत कुठे शिकलात, असं त्यांनी बाबांना विचारलं.

"पुण्यात," बाबा म्हणाले.

त्या बराच वेळ बाबांचा हात धरून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी घरून बाबांनी पुण्याला मित्राला फोन लावला. स्वतःबद्दल अवाक्षर नाही; 'नातीने माझं मराठी वाचलं', एवढंच दोनदा सांगितलं.

इरा काय शिकते असं कुणी विचारलं, की 'रशियन शिकून पुढे काय?' हा प्रश्न टाळायला मी आजवर 'लँग्वेजेस' म्हणून विषय बदलायचे. सोमवारी ऑफिसमधल्या मैत्रिणीने विचारलं. मी खुर्ची ओढून बसले आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं.