शेवटची गाडी भोईरांची

आमच्या रविवारच्या मोटरसायकल ग्रुपमध्ये रांगेतली मागची जागा कोणालाच नको असे. भोईर मात्र ती हक्काने मागून घेत. मुरबाडच्या पुढे हायवे सोडला की गावागावांतून जाणारे सगळे रस्ते त्यांना पाठ होते. पुढे राहून त्यांनी वाट दाखवावी, असं कोणालाही वाटलं असतं. ते म्हणत, "पुढच्याला रस्ता दिसतो. मला माणसं दिसतात. मला हेच बरं."

कोपरीचे भोईर वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात टर्नर होते. निवृत्तीनंतर त्यांनी हा ग्रुप जमवला. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. मी त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळतो, म्हणून थांब्यावर गाड्या मोजायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. कोणी वेग वाढवला की ते शांतपणे म्हणत, "घाई आहे त्याने हायवेने जावं. सरकारने तो त्याच्यासाठीच बांधलाय."

त्यांचा नियम एकच होता. फाटा आला की थांबायचं, मागचा दिसला की मगच वळायचं. फक्त त्यांच्यासाठी कोणी थांबायचं नाही.

एका रविवारी आम्ही अकरा जण होतो. नववा मी, माझ्या मागे डोंबिवलीच्या राणे मॅडम, शेवटी भोईर. मॅडम शाळेत शिकवतात. पन्नाशीत मोटरसायकल शिकल्या आणि ही त्यांची पहिलीच फेरी होती. एका गावाबाहेर म्हशींचा कळप आडवा आला. मी निसटलो, त्या मागे अडकल्या. पुढच्या फाट्यावर मी आरशात पाहिलं, रस्ता रिकामा. येतील, असं म्हणून डावीकडे वळलो. मला चहाच्या टपरीवर वेळेत पोहोचून गाड्या मोजायच्या होत्या.

भोईर आले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "देसाई, मोजलंस?"

"मोजल्या. अकरा."

अकरा चहा आले. सगळ्यांनी घेतले, तरी बाकावर एक ग्लास उरला. तेवढ्यात टपरीवरचा एक गावकरी उठला, आमच्या रांगेत लावलेल्या आपल्या गाडीला किक मारून निघून गेला.

भोईर ग्लासकडे बघत म्हणाले, "गाड्या मोजल्यास. आता माणसं मोज."

दहा.

फोनला रेंज नव्हती. बाकीच्यांना टपरीवरच थांबवून आम्ही दोघे उलट निघालो. फाट्यापासून सरळ चार किलोमीटरवर दुसरा फाटा होता. तिथे मॅडम भर उन्हात, गाडी स्टँडवर लावून, हेल्मेट न काढता उभ्या होत्या.

"मागच्या फाट्यावर कोणीच उभं नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, सरळच जायचं असेल. इथे मात्र कळेना, म्हणून थांबले. पाऊण तास झाला. मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही, असंच ना?"

"चूक माझी, ताई," भोईर म्हणाले. "शेवटचा मी. तुम्ही पुढे नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

मी गप्प राहिलो असतो, तर ते तिथेच मिटलं असतं. पण हिशेब चुकीच्या नावावर जात होता. म्हटलं, "मॅडम, त्या फाट्यावर मी थांबायला हवं होतं. आरसा रिकामा दिसला, तरी वळलो."

मॅडमनी माझ्याकडे नीट बघितलं. "पाऊण तास मी हाच विचार करत होते. ह्या वयात हे आपलं काम नाही. मी हायवेने सरळ घरी जाते. आणि पुढच्या रविवारचं माझं धरू नका."

"जा ना, ताई. पण हायवेपर्यंत सात फाटे आहेत," भोईर म्हणाले. "तिथवर चला. तुमच्या पुढे देसाई."

मीच दचकलो. "काका, दुसऱ्या कोणाला ठेवा."

"दुसरा कशाला? आज तुझ्याइतकं नीट कोण थांबणार आहे?"

पहिल्या फाट्यावर मी गाडी बंद करून उतरलो. आरशावर विश्वास नव्हता, म्हणून मान वळवून उभा राहिलो. वळणावरून मॅडम आल्या, हात वर केला. सातही फाट्यांवर तसंच. हायवेला लागताना त्यांनी हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाल्या, "देसाई, इतकं काय बघता? मी काय लग्नाची वरात आहे?"

मागे भोईर मोठ्याने हसले.

पुढच्या रविवारी कल्याणच्या पंपावर निघण्याआधी भोईरांनी विचारलं, "मोजलंस?" मी एकेकाचा चेहरा बघून मोजलं. अकरा माणसं होती, मॅडम धरून.