आउट काढणारे दादा

परदेशी निघालेल्या माणसाला त्याची जिवाभावाची माणसंच दमवून मारतात, हे मला दादांमुळे कळलं. दादा म्हणजे माझे थोरले दीर. त्यांची मुलगी त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायला आली आणि आमच्या दाराशी चपलांचा ढीग पडायला लागला. दुकानावरून जाताना ज्यांनी वर्षानुवर्षं मान वळवली नव्हती, तेसुद्धा 'जायच्या आधी जरा निवांत बसू' म्हणून येत. निवांत ते बसायचे, चहा मी करायचा. नाहीतर दादांना जेवायला बोलवायचे आणि आग्रह करकरून वाढायचे. दादा 'नको' म्हणायला कधी शिकलेच नाहीत. परत येत ते भिंत धरून, आणि दुकानातल्या बाकड्यावर आडवे होत. "लोकांची माया फार आहे गं," म्हणायचे. "पचत नाही, एवढंच."

दादा आणि आमचे हे, दोघा भावांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. पुढे दुकान, मागे आमचं घर. पंक्चर, ब्रेक, चेन सगळं हे बघायचे. चाक मात्र दादांचं. खड्ड्यात आपटून चाक वाकडं झालं, फिरताना डुलायला लागलं, की त्याला आउट आला म्हणतात. एक स्पोक आवळ, दुसरा सैल कर, असं करत तो काढावा लागतो. दादा सायकल उलटी उभी करायचे, स्पोक बोटानं छेडायचे, कान देऊन ऐकायचे आणि मग स्पोक आवळायची चावी लावायचे. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं. "उद्या या. मी आहे."

यांनी चाकाला कधी हात लावला नाही. माझ्या हाताला ते येत नाही, म्हणायचे. माझ्या जाऊबाई गेल्या तेव्हा दादांनी बोलणं सोडलं, जेवण सोडलं, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. पण रोज कुणाचं ना कुणाचं चाक अडायचं आणि हे हाक मारायचे, "दादा, उठ, मला जमत नाही." दादा वैतागत, पण उठत.

आता सगळं घोडं त्या चाकापाशीच अडलं. 'तुझ्या काकाला आउट काढायला शिकवतो, मग निघू,' असं दादांनी लेकीला सांगितलं होतं. तीही तिकडे एकटीच, लहान लेकरू पदरात. वडील जवळ हवेत, आणि ते खोटं नव्हतं. दादांनाही जायचं होतं. पण दुकान मोडकळीला येईल या विचारानं त्यांचा पाय निघेना. तिकीट एकदा पुढे ढकललं. रोज शिकवणी व्हायची आणि रोज पालथ्या घड्यावर पाणी. हे स्पोक आवळायचे तो तुटेपर्यंत. दादा शांतपणे दुसरा घालायचे.

माझं डोकं फिरायचं. माणूस चार दिवसांचा सोबती, त्याच्यापाशी धड बसावं, बोलावं, तर हे मूग गिळून स्पोक तोडत बसलेत. एकदा मी स्पष्टच सुनावलं. हे म्हणाले, "तू चहा कर." मी नाही केला.

तिकीट दुसऱ्यांदा पुढे जाईना. निघायच्या आदल्या दिवशी दादा कुणाकडून तरी जेवून आले आणि बाकड्यावर लवंडले. पुतणी आत बॅगा भरत होती. एवढ्यात पोस्टमन सायकल ढकलत आला. मागचं चाक पार डुलत होतं. यांनी दादांकडे पाहिलं. झोपलेत असं वाटलं असावं. सायकल उलटी केली आणि बसले.

मी चहा घेऊन दारात आले तर स्पोक छेडल्याचा आवाज ऐकू आला. एक, मग पुढचा. यांची बोटं कुठेही अडत नव्हती. चावी जिथे लागायला हवी तिथेच लागत होती. चाक गरकन फिरलं, सरळ. मी तशीच उभी राहिले. दादांचे डोळे उघडे होते.

"तुला येतं," दादा म्हणाले.

हे चावी पुसत राहिले.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. दुकान काढलं तेव्हा तू शिकवलंस, तेव्हापासूनच. पण चाक तुझं."

"मग हाका कशाला मारायचास?"

"वहिनी गेल्यावर तू कशासाठी उठला असतास?"

दादा बाकड्यावर उठून बसले. मग विचारलं, "आणि हा महिनाभर?"

"येतं म्हणालो असतो तर तू तेव्हाच निघाला असतास," हे म्हणाले, आणि यांचा आवाज कापरा झाला. इतक्या वर्षांच्या संसारात मी तो तसा ऐकला नव्हता. मला यांचा भयंकर राग आला होता आणि रडूही येत होतं.

दादा उठले, गुडघ्यावर हात टेकून यांच्याशेजारी खाली बसले. चाकाला बोट लावून हळू फिरवलं.

"अजून जरा आउट आहे," म्हणाले.

आउट नव्हता. चाकं बघण्यात माझा जन्म गेलाय, मला दिसत होतं. यांनाही दिसत होतं. यांनी मुकाट्यानं चावी पुढे केली.

पोस्टमन ताटकळला होता. सायकल कधी मिळेल, विचारत होता. दादांनी मान वर न करताच सांगितलं, "उद्या या. मी आहे."

पुतणी बॅग हातात घेऊन दाराशी आली होती, ती तिथेच थांबली. पोस्टमन आमच्या तोंडांकडे बघायला लागला.

"या उद्या," हे म्हणाले. "तयार असेल. मी आहे."