काळी सुरमई

"करपलं न्हाय, काळं केलंय!"

शहापुरातल्या आमच्या गल्लीत रविवारी सकाळी हे वाक्य हमखास ऐकू यायचं. शेजारच्या अंगणातून धुराचा लोट उठायचा, जाता-येता कुणीतरी "काय करपलं ओ अण्णा?" म्हणून विचारायचं आणि धुरातून हे उत्तर यायचं. लोक मुद्दाम विचारतात हे अण्णांना माहीत होतं, तरी दर वेळी ते तितकेच चिडायचे. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. त्याला डिवचल्याशिवाय लोकांना सुट्टीचा दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

अण्णा परदेशी प्रवाशांच्या मोठ्या बोटीवर आचारी होते. आधी नुसते कांदे सोलले, मग हळूहळू मासे-चिकनच्या तव्यापर्यंत पोचले. नोकरी संपवून घरी आले ते एक जडशीळ बिडाचा तवा आणि मसाला काळा करून भाजायची ही तिकडची रीत घेऊन. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, पहिल्याच दिवशी बजावलं, "बोटीवरचं बोटीवर. माझ्या स्वयंपाकघरात ह्यो धूर चालायचा न्हाय." म्हणून शेगडी अंगणात आली.

कृती तशी सोपी. तवा आधी नुसताच तापवायचा, धूर निघेपर्यंत. सुरमईची तुकडी वितळलेल्या लोण्यात बुडवायची, दोन्ही बाजूंनी मसाल्यात दाबायची आणि तव्यावर सोडायची. मसाल्यात ब्याडगी मिरची, मिरे, लसणाची पूड आणि तिकडच्या कसल्याशा सुक्या पाल्याऐवजी आपला ओवा. चिकन असेल तर थापटून पातळ करायचं. मसाला काळाकुट्ट होतो आणि आतला मासा पांढराशुभ्र, रसरशीत राहतो. मी पहिल्यांदा भीत भीत खाल्ली आणि लगेच दुसरी तुकडी मागून घेतली. तेव्हापासून मी त्यांच्या पक्षात.

गल्लीला मात्र ते कधी पटलं नाही. चिकन म्हणजे रस्सा आणि मासा म्हणजे रव्यात तळलेला, एवढंच आम्हाला ठाऊक. एकदा त्यांनी पाठवलेली काळी कोळंबी समोरच्या आजींनी नळाखाली स्वच्छ धुतली आणि आमटीत टाकली. वर "आता बरी लागली" म्हणून सांगितलंही. अण्णा बरेच दिवस त्या घराकडे बघतसुद्धा नव्हते.

त्यांना एकच मुलगी. शाळेत माझ्याच हाताखाली शिकलेली. तिचं लहानपण अण्णांनी बहुतेक फोटोंतच पाहिलेलं. तिला निपाणीकडचं स्थळ आलं. घरची शेती, खतांचं दुकान, मुलगा तिला पसंत. सगळं जमत आलं तशी अण्णांची झोप उडाली. एका संध्याकाळी ते आमच्या पायरीवर येऊन बसले.

"बाई, पोराचं शिक्षण कळतंय, घरदार दिसतंय. पण माणसं आतनं कशी हैत, हे कसं कळायचं ओ? पोरीचं काय चुकलं तर तिला कशी बोलतील?"

पाच-सहा वर्षं वर्गात बसलेली पोरंसुद्धा मला नीट कळत नाहीत.

शेवटची बोलणी करायला पाहुणे जेवायला येणार होते. वहिनींनी मटणाचा रस्सा केला होता, पण अण्णा हट्टाला पेटले. माझ्या लेकीच्या पाहुण्यांना माझ्या हातचं वाढणार, म्हणाले. "स्थळ मोडलं तर बसा त्या तव्याला धरून," असं म्हणून वहिनींनी हात टेकले.

वाढायला मी होते. मुलाचे वडील, आई आणि थोरले चुलते अशी माणसं. ताटात काळी सुरमई पडली आणि तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चुलत्यांनी तोंड उघडलं, तसा मुलाच्या वडिलांनी त्यांचा गुडघा दाबला. मग ते बोटांनी वरचा काळा मसाला हलकेच खरवडून ताटाच्या कडेला लावू लागले. आईंनीही तेच सुरू केलं. सगळा मसाला, अण्णांची सगळी विद्या, ताटाच्या कडेला गोळा होत होती.

वडील वहिनींना म्हणाले, "गडबडीत व्हतंय ओ ताई, मनावर घेऊ नका. आमच्यात तर येता-जाता करपतंय."

"व्हय की," आई म्हणाल्या. "परवाच माझ्याकडनं अख्खं भगुणं लागलं." आणि त्यांनी आणखी एक तुकडी मागून घेतली.

मी अण्णांकडे पाहिलं. आता ते वाक्य येणार, या खात्रीनं वहिनींनी डोळेच मिटले होते. अण्णा दोघांकडे बघत राहिले, बघत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "व्हय. माझ्या हातनं जरा जास्तच करपलं आज."

पाहुणे गेल्यावर वहिनींनी त्यांना गाठलं. "गल्लीतल्या पोरासोरांसंगट भांडता, आणि आज गप?"

"उद्या पोरीच्या हातनं काय करपलं तर ही माणसं तिला बोलणार न्हाईत," अण्णा म्हणाले. "मला तेवढंच पायजे हुतं."

लग्न झालं. पुढं मुलीनं एकदा विचारलं, सासरी खरं सांगू का? अण्णांनी साफ नको म्हटलं. "त्यास्नी वाईट वाटंल गं. एवढं निभावून नेलंय बिचाऱ्यांनी." व्याही आले की रस्साच व्हायचा. आपल्या हुन्नराचा एवढा अभिमान असलेला माणूस निपाणीत कायम न जमणारा आचारी म्हणून ओळखला गेला, आणि त्याचं त्यांना काही वाटलं नाही. मला मात्र फार वाटायचं.

गेल्या थंडीत अण्णा गेले. तेरावं झाल्यावर व्याही जावयाला घेऊन आले आणि वहिनींना म्हणाले, "ताई, कपडे भरा. एकटं ऱ्हायचं न्हाय."

"लेकीच्या सासरी जाऊन ऱ्हायचं व्हय? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघतो. तुम्ही येतासा तवर मी हितंच बसतो." आणि ते खरंच पायरीवर बसले. चहा झाला, ऊन कलंडलं, तरी उठले नाहीत.

शेवटी वहिनी पिशव्या घेऊन बाहेर आल्या आणि कुलपाची किल्ली माझ्या हातात दिली. मला रडू आवरेना. व्याह्यांनी त्यांना गाडीत जावयाशेजारी पुढच्या सीटवर बसवलं, आणि स्वतः मागे, पिशव्या मांडीवर घेऊन अंग चोरून बसले.